नजरेचा दगड

"काटा कुठं हाय बाई?"

उत्तरा एसटीतून उतरली तोच सुभद्राबुढीनं विचारलं. गाडीनं उडवलेली धूळ अजून खाली बसली नव्हती. उत्तराच्या खांद्यावर आज वजनाची झोळी नव्हती. हातात होती ती फक्त छत्री.

"आज नाही आणला, आजी."

"बिघडला का?"

"नाही. चला, निंबाखाली बसू. सांगते."

निंबाखाली बायका केव्हाच्या जमल्या होत्या. लेकरांची अंगं धुतलेली, केसांना तेल, गालावर काजळाची तीट. बुंध्याशी तो दगडही आणून ठेवला होता. पहिल्या खेपेला एकही आई लेकरू तोलू द्यायला तयार नव्हती. तोलतात ते धान्य. लेकराला तोललं तर नजर लागते. तेव्हा सुभद्राबुढीनंच तोड काढली. आधी झोळीत दगड घालायचा, काट्याची पहिली नजर त्याच्यावर जाऊ द्यायची, मग लेकरू. उत्तरालाही ते बरंच पडलं. दगड दर खेपेला तेवढाच भरला की काटा ठीक आहे हे तिला कळायचं. दोघींचं काम एकाच दगडावर भागत होतं.

उत्तरा नागपूरला, विद्यापीठात मधुकररावांच्या हाताखाली काम करायची. त्यांचा प्रश्न साधा होता: लहान लेकराला रोज एक वेळ पोटभर, सकस खायला मिळालं तर त्याच्या वाढीत किती फरक पडतो? त्यासाठी काटोलकडची दोन सारखी गावं निवडली होती. मधे फक्त एक नाला. वरच्या गावात लेकरांसाठी रोज डाळ, शेंगदाणे घालून खिचडी शिजायची. खालच्या गावात, म्हणजे इथं, नुसतं वजन व्हायचं. एकाला दिलं आणि एकाला दिलं नाही, असं शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय खिचडीनं काय केलं ते कळणार कसं? वारा फिरला की फोडणीचा वास नाल्यावरून इकडे यायचा आणि खालच्या गावातली लेकरं खेळ थांबवून उभी राहायची.

"आमच्याकडं कधी वं?" बायका विचारायच्या.

"अभ्यास संपला की," उत्तरा सांगायची. तिलाही तसंच सांगितलेलं होतं.

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, अभ्यास संपला. मधुकरराव परदेशी जाऊन निबंध वाचून आले. एका मोठ्या जागतिक संस्थेनं तो उचलून धरला. नकाशात शोधावे लागतील अशा देशांतली सरकारं आता गावोगाव लेकरांसाठी चुली पेटवणार होती. विभागात पेढे वाटले गेले. उत्तरानं हातातला पेढा तसाच धरून विचारलं, "सर, आपल्या खालच्या गावाचं काय?"

मधुकररावांनी पेढ्यांचा खोका बंद केला. "मागितलं होतं मी. पैसा अभ्यासापुरताच होता म्हणतात. नव्या योजनेत हा भाग बसत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तू जाऊ नकोस. पत्र टाक."

पत्र टाकायला तिचं मन धजलं नाही. धरमपेठेतल्या तिच्या खोलीचं कुलूप तीच लावायची आणि तीच उघडायची; आत वाट पाहणारं कुणी नव्हतं. इथं मात्र ती वळणावर दिसली की पोरं ओरडत सुटायची, "काटेवाली बाई आली!" या हाकेसाठी ती महिनाभर थांबायची. म्हणून ती स्वतः आली, आणि निंबाखाली बसून तिनं सगळं सांगितलं. काही झाकलं नाही.

 पुढं बसलेली गोपिका म्हणाली, "म्हंजे आमी नापास झालो?"

"नापास? परीक्षा कुठं होती ती?"

"नाही कशी? दर महिन्याले तोलत होती तू. लेकरं चांगले भरले म्हंजे गाव पास, अन् पास झालं का खिचडी. साऱ्या गावाले तेच वाटे."

"नाही गं. तुमच्या गावामुळं तर जगाला फरक कळला."

गोपिकेच्या सासरी संत्र्याची बाग होती. तिनं विचार केला. "खताचा गुन पाहाले एक झाड तसंच ठेवते मानूस. तसं?"

"तसंच."

"मंग पुढच्या साली त्या झाडालेही टाकते ना वं खत?"



"जाऊ दे वं," सुभद्राबुढी म्हणाली. "कोन्या मुलुकातले पोट्टे जेवतीन. उपास आपला, पारनं त्याइचं!"

दोघीतिघी हसल्या. मग हसू विरलं.

मागं बसलेली मनकर्णा उठली आणि घरात गेली. परत आली तेव्हा तिच्या कडेवर एक पोर होतं. त्याच्या गालावर तीट नव्हती. उत्तरानं त्याला कधीच पाहिलं नव्हतं.

"हा कोण?"

"माहा लहानू."

"अगं, दर खेपेला घरोघर विचारत होते मी! अगदी खंगलेल्या लेकराला दवाखान्यात नेत होतो आम्ही. तू तर म्हणायचीस, धाकटा मामाच्या गावाला आहे."

"घरातच होता. हा कमी भरला असता बाई. याच्या पायी गाव नापास झालं असतं, साऱ्याइच्या लेकराइची खिचडी गेली असती." बाकीच्या बायका जमिनीकडे पाहत होत्या. ते सगळ्यांना ठाऊक होतं. "आता परीक्षाच नाही, तं आता पाह्य. किती भरते माहा लहानू?"

"काटा नाही गं आणला मी."

"मंग हातानंच पाह्य."

उत्तरानं हात पुढे केले. "थांब, थांब," सुभद्राबुढी लगबगीनं उठली. "आधी दगड घे वं. नजर त्याच्यावर जाऊ दे."

उत्तरानं दगड दोन्ही हातांनी उचलला, क्षणभर धरला आणि बुंध्याशी ठेवला. मग तेच हात तिनं लहानूच्या काखेत घातले आणि त्याला उचललं. हातांनी जोर दगडाला लागला तेवढाच लावला होता. लहानू एकदम तिच्या डोक्याच्याही वर गेला. त्याला गंमत वाटली. तो हसला.

"किती भरला वं?" मनकर्णेनं विचारलं.

उत्तरानं त्याला हळूच खाली आणून खांद्याशी धरलं. बायका वाट पाहत होत्या.

"माझ्यासोबत नागपूरला दवाखान्यात चल," ती म्हणाली. "याचं एखादं अंगडं घे."

एसटी येईपर्यंत तिनं त्याला खाली ठेवलं नाही.