पेरलीनच्या टपरीपुढे बंद पडणारी गाडी

आमच्या घरात गाडी चालवतो नाइवू आणि दुरुस्त करते मी. माझे वडील तामाताव्ह बंदराच्या रस्त्यावर ट्रक चालवायचे. ट्रकखालून त्यांचा हात बाहेर आला की त्यात कुठला पाना ठेवायचा, हे मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून कळत होतं. लग्न झालं तेव्हा नाइवूकडे ही कातेल टॅक्सी होती, छोटी, जुन्या फ्रेंच बनावटीची. दुधी रंगाची, पत्र्याची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. बारा वर्षांत तिचा एकही नट माझ्या हाताखालून गेल्याशिवाय राहिलेला नाही.

म्हणूनच शेजारची लालाव सांगायला आली तेव्हा मला आधी खोटंच वाटलं. लालाव आंबानिदियाच्या चढावर भाजी विकते.

"बाकुली, तुझी गाडी आजारी आहे का गं?"

"का?"

"रोज दहाच्या सुमाराला चढाच्या टोकाला बंद पडलेली दिसते. पेरलीनच्या टपरीपुढे. अर्धा-अर्धा तास."

"पेरलीन कोण?"

"तांदळाचे गोड आप्पे, मुफू गासी विकते. कॉफी पण असते तिच्याकडे." लालावने टोपलीतला पाला उगाच खालीवर केला. "हसरी आहे बाई. लांबून ऐकू येतं तिचं हसणं."

नाइवू जेवायला आला तेव्हा मी विचारलं, गाडी काही त्रास देते का. तो भातातलं पालेभाजीचं देठ बाजूला करत म्हणाला, "जुनी झाली आता. चढावर दम लागतो तिला. थोडी थंड झाली की चालते."

"मला बोलला नाहीस."

"तुला कशाला उगाच काम लावायचं?"

नवरा सर्दी झाली तरी मला सांगतो. वायपरचं रबर निघालं तरी सांगतो. आणि गाडी रोज बंद पडते हे सांगत नाही? त्या दुपारी मी कपडे पिळत होते आणि पेरलीन माझ्या डोळ्यांसमोर उभी राहत होती. पंचवीस-सव्वीसची, केसांच्या दोन बारीक वेण्या, कॉफीचा पेला पुढे करताना बोटं मुद्दाम लांबवणारी. आमचं सगळं शहर टेकड्यांवर बसलेलं. गाडीला दम लागायचाच तर पन्नास चढ पडलेत. तिच्याच दारात कसा लागतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर कापडी पिशवीत घातले आणि टॅक्सीत जाऊन बसले.

"कुठे निघालीस?" नाइवूने विचारलं.

"वरच्या बाजारात. दोरा संपलाय."

"शाळेची पोरं सोडायची आहेत आधी."

"असू देत. मला घाई नाही."

पोरांना सोडून आम्ही चढाला लागलो. ऑक्टोबरचं ऊन, पुढे बैलगाडी, तिच्यामागे आठ-दहा गाड्यांची रांग. गाडी पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलांनी चढत होती. शेवटच्या वळणावर इंजिनाने दोन आचके दिले, मग तिसरा, आणि टोकाच्या सपाटीवर गाडी गप्प झाली. उजव्या हाताला निळ्या ताडपत्रीची टपरी. टपरीबाहेर बाकावर चार-पाच हमाल बसलेले.

म्हणजे बंद पडते हे तरी खरं होतं. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

"अर्धा तास बसावं लागतं," तो म्हणाला. "आपोआप थंड होते."

"बघू दे मला."

"अगं, हात भाजतील."

मी बॉनेट उघडलं. आधी एका प्लगची वायर काढून पत्र्याजवळ धरली आणि नाइवूला स्टार्टर मारायला लावला. निळी टपोरी ठिणगी पडली, म्हणजे करंट ठीक. मग कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढली आणि बाटलीच्या बुचात तिचं तोंड धरलं. पुन्हा स्टार्टर. पेट्रोल नाहीच. नुसता फुसफुस आवाज आणि दोन बुडबुडे. टाकीत तर पेट्रोल होतं, मी निघतानाच काडी घालून पाहिलं होतं. मग मी वायर आणि नळी परत जोडली आणि बोट न लावता नळीवरून नजर फिरवत गेले. पंपाजवळ तिला धरणारी क्लिप तुटली होती. नळी खाली लोंबून तापलेल्या एक्झॉस्टला टेकली होती. सावकाश चढताना वारा लागत नाही, एक्झॉस्ट लाल होतो, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. पाच मिनिटांचं निदान. लहान मुलालाही सापडलं असतं.

"ओलं फडकं हवं," मी म्हटलं.

"हे घे की," मागून आवाज आला.

मी वळले. एक पन्नाशीची जाड बाई पाण्याने निथळणारं फडकं घेऊन उभी होती. पुढचा एक दात नव्हता, पदराला पीठ लागलेलं. तिने मला विचारलंही नाही. वाकून फडकं थेट नळीवर आणि पंपावर टाकलं, नेमकं जिथं टाकायला हवं तिथंच. चर्र आवाज झाला, वाफ उठली.

"आता मार स्टार्टर," ती नाइवूला म्हणाली. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली.

"तू त्याची बायको ना?" ती माझ्याकडे बघून हसली. "मी पेरलीन. मी रोज ओलं करून ठेवते हे. दोन मिनिटांत चालू होते बिचारी."

"दोन मिनिटांत," मी म्हटलं.

"फार तर तीन."

नाइवू स्टिअरिंगकडे बघत होता.

"आणि मग बाकीचा अर्धा तास?"

"मग कॉफी. मग हा काहीतरी सांगतो आणि आम्ही हसतो." तिला त्यात लपवण्यासारखं काहीच दिसत नव्हतं. "अगं, तुझा नवरा म्हणजे काय गोष्टी सांगतो. माझी कंबर धरते हसून."

बाकावरच्या एका हमालाने हाक मारली, "नाइवू, त्या म्हाताऱ्याच्या बदकाचं पुढं काय झालं? काल अर्ध्यावर सोडून गेलास."

ती गोष्ट मला ठाऊक होती. म्हणजे तिची सुरुवात. रविवारी नाइवू घरी सांगायला बसला होता, की नातवासाठी मुलगी मागायला निघालेला एक म्हातारा बदक घेऊन टॅक्सीत बसला आणि बदक टोपलीतून सुटलं. तेवढ्यात मी म्हणाले होते, हात धुऊन ये, भात गार होतोय.

"सांग की," पेरलीन म्हणाली.

नाइवूने माझ्याकडे पाहिलं. "पुढं काही नाही," तो म्हणाला. "पोचला म्हातारा."

हमाल एकमेकांकडे बघायला लागले. मी गाडीत बसले. पेरलीन तरुण असती, देखणी असती, तर मला राग कुठे ठेवायचा ते कळलं असतं. या दात पडलेल्या बाईपाशी माझा नवरा गोष्टी सांगतो आणि माझ्यासमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटते, हे घेऊन मी कुणाशी भांडणार होते?

घरी पोचल्यावर मी थेट पिशवी उघडली. सार्डिनच्या डब्याचा पत्रा कापून नवी क्लिप वाकवली, नळी एक्झॉस्टपासून चार बोटं वर बांधली, वरून कापडाची पट्टी गुंडाळली आणि तारेने करकचून आवळली. इतकं चांगलं काम मी त्या गाडीवर कधी केलं नव्हतं. रागात माझा हात फार नीट चालतो.

तीन दिवस गाडी एका दमात चढ चढली. नाइवू सकाळची फेरी संपवून पावणेअकराच्या ऐवजी सव्वादहाला घरी यायचा, दारात बसायचा, रस्त्याकडे बघायचा. मी चहा दिला की प्यायचा. मी जिंकले होते, आणि घरात इतकी शांतता होती की शेजाऱ्याच्या कोंबड्या आवाजावरून मोजता येत होत्या.

चौथ्या दिवशी लालाव आली. या खेपेला तिने टोपली खालीही ठेवली नाही. "उभी आहे बरं का."

मी पायीच निघाले. चढ चढून वर पोचले तेव्हा माझ्या छातीचा भाता झाला होता. कातेल टपरीपासून थोडी अलीकडे, भिंतीला लागून उभी होती. मी बॉनेट अलगद उघडलं. क्लिप जागच्या जागी, नळी गार. गाडीत काहीही बिघडलेलं नव्हतं.

भिंतीपलीकडून, टपरीतून, नाइवूचा आवाज येत होता. मोठा, मोकळा, मधे हवं तिथे थांबणारा. असा आवाज मी लग्नाच्या आधी ऐकला होता.

"...म्हाताऱ्याकडे माणसं कमी. म्हणाला, पोरा, तू पण आत चल, आमच्या बाजूने बस. बसलो. मागणीला दोन्हीकडून भाषण लागतं, तसा मुलीकडचा वक्ता उठला. दीड तास बोलला. पूर्वज झाले, राजे झाले, पाऊसपाणी झालं. आणि तो श्वास घ्यायला थांबला की टोपलीतून, क्वॅक."

पेरलीनचं हसणं फुटलं. लालाव खोटं बोलली नव्हती.

"आमचा म्हातारा बहिरा. त्याला वाटलं अजून समोरचाच बोलतोय. तो मान डोलावतो. वक्त्याला वाटलं, वरपक्ष थोडक्यात पण ठाम उत्तर देतोय. शेवटी तो म्हणाला, इतकं मोजकं बोलणारं घर आम्ही पाहिलं नाही. दिली मुलगी."

हमाल बाक बडवायला लागले. माझ्या घशापर्यंत हसू आलं आणि मी ते गिळलं. दात आवळून गिळलं. ते तिच्या हसण्यात मिसळलेलं मला चाललं नसतं. मी आले तशी उतरून घरी गेले.

नाइवू आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते.

"गाडी परत बंद पडली?"

तो उंबऱ्यात थांबला. खोटं त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. मग त्याने टोपी काढली. "नाही. गाडी उत्तम आहे. मी थांबलो."

"काय आहे तिच्यापाशी?"

"काही नाही गं. ती ऐकते." त्याने टोपी खुंटीला अडकवली. "तुला कामं असतात. तुझं चुकत नाही."

त्याने भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी तांदळातला खडा काढून बाहेर फेकला.

"गुरुवारी थांबत जा," मी म्हटलं. "रोज नको."

"गुरुवार आणि सोमवार."

मी ताटली आपटली, पण हो म्हटलं.

आता तसंच चाललंय. गोष्टी तो घरीही सांगतो कधीकधी, आणि मी हातातलं काम ठेवून ऐकते. चांगल्या सांगतो. पण मला कळतं की ही गोष्ट आधी चढावर सांगून झालेली आहे, कुठे थांबायचं ते तिथल्या हसण्यावरून ठरलेलं आहे. गाडी त्यानंतर एकदाही बंद पडली नाही. सोमवारी आणि गुरुवारी दहा वाजले की मी काहीतरी कठीण काम काढते, ज्यात दोन्ही हात गुंततील.