बोलके पाइप

"सगळ्या पाइपांना टोप्या बसवा. आत्ताच्या आत्ता," साहेब म्हणाले.

फिटर हातात पाना धरून तसाच उभा राहिला. शहराला शंभर वर्षं झाली म्हणून चौकात सात बोलके पाइप बसवले होते. एका टोकाला बोललं की पलीकडे, व्यासपीठाशेजारी ऐकू यायचं. कल्पना चित्रकार बाईंची. पण कुठल्या वळणावर आवाज मरतो आणि कुठे जगतो, हे पाणीखात्यात एकतीस वर्षं घासलेल्या फिटरनेच शोधून काढलं होतं. तीन महिने तो झोपेतसुद्धा पाइपच वाकवत होता.

आणि सकाळच्या चाचणीत वरच्या वस्तीतली एक म्हातारी वाकून बोलली, "नऊ दिवस नळाला थेंब नाही." ते नेमकं संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्चीपाशी खणखणीत उमटलं.

"साहेब, लोकांनी बोलावं म्हणूनच केलंय ना हे?"

"कार्यक्रमाचा विचका करावा म्हणून नाही केलेलं. तुम्ही बसवताय की दुसऱ्याला सांगू?"

फिटरने चित्रकार बाईंकडे पाहिलं. त्या पाटीवरचं स्वतःचं नाव रुमालाने पुसत होत्या. "आजचाच प्रश्न आहे, मामा," त्या म्हणाल्या. "कशाला उगाच वाकड्यात शिरायचं?"

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पण निवृत्तीला पाच महिने उरले होते. त्याने सातही तोंडं स्वतःच्या हाताने बंद केली, आणि दर आट्यागणिक स्वतःलाच शिवी हासडली.

संध्याकाळी लोक आले, टोप्यांवर टकटक करून पुढे गेले. म्हातारी मात्र बंद पाइपाला धरून उभीच राहिली. माईकवर पाहुणे सांगत होते, "ही कला लोकांना बोलतं करते." टाळ्या पडल्या.

फिटर उठला. शेजारी बसलेल्या बायकोने बाही धरली. "अहो, बसा ना. पाचच महिने राहिलेत."

"पुढे जन्मभर याच हाताने जेवायचंय मला."

तिने बाही सोडली.

त्याने पहिली टोपी काढली, दुसरी काढली. साहेब धावत आले. "हे लेखी जाईल, लक्षात ठेवा."

"लिहा. माझं नाव तेवढं नीट लिहा."

सातवी टोपी निघेपर्यंत भाषण आटोपून पाहुण्यांची गाडी चौकाबाहेर पडली होती.

"आता कुणाला सांगू?" म्हातारी म्हणाली. "ऐकणारे गेले की."

फिटर तरातरा चौक ओलांडून व्यासपीठापाशी गेला, जमिनीवर बसला आणि तिच्या पाइपाच्या टोकाला तोंड लावून म्हणाला, "बोला, आजी. मी पाणीखात्याचा माणूस. ऐकतोय."

त्याने कान टेकवला. मग तिने घसा खाकरला आणि आधी आपल्या गल्लीचं नाव सांगितलं. तिच्यामागे चार-पाच जण येऊन उभे राहिले.

खुर्च्या रचणारा माणूस त्याला म्हणाला, "उठा हो, आवरायचंय."

फिटरने कान न हलवता हातानेच त्याला थांबवलं.