नळीतला एक तास

“साहेब, तास झाला. अजून घट्टच हाय.”

सुमनबाईंनी नळी तिरकी करून डॉक्टर बिराजदारांना दाखवली. आतलं वीर्य काचेला धरून बसलं होतं. एरवी अर्ध्या तासात ते पातळ होतं, हे त्यांना बघून बघून ठाऊक झालं होतं. लातूर जिल्हा झाला त्याच वर्षी ही लॅब निघाली आणि तेव्हापासून, चार वर्षं, त्या इथे काचसामान धूत होत्या. या दुष्काळात तर दोन बादल्यांत सगळं भागवायचं.

नमुना जळकोटच्या श्रीमंतचा होता. तो आणि त्याची बायको महानंदा बाहेर बाकड्याच्या दोन टोकांना बसली होती. लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. सासूनं दुसरी पोरगी बघून ठेवली होती. सकाळी महानंदानंच हे खालमानेनं सुमनबाईंना सांगितलं होतं.

“हे पातळ करणारं एन्झाईम माणसाच्या अंगातच तयार होतं. याच्यात ते कमी पडतंय,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी थेंबभर नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला. “जिवंत आहेत, पण अडकलेत. बघायचंय?”

सुमनबाईंनी पदराला हात पुसले. आजवर त्यांना कुणी बघायला सांगितलं नव्हतं. आत बारीक बारीक जीव शेपट्या वळवळवत होते, जागचे मात्र हलत नव्हते.

डॉक्टरांनी बाटलीतल्या एन्झाईमचा थेंब नमुन्यात मिसळला. थोडं थांबून दुसरी काचपट्टी लावली.

“आता बघा.”

“अगं माय! कुठं निघाले हे समदे?”

शेकडो जीव सैरावैरा धावत होते. सुमनबाईंनी डोळा काढला नाही.

डॉक्टरांनी श्रीमंतला आत बोलावलं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

“हे माझेच?”

“तुझेच. उपचार करून बघू. खात्री देत नाही. पण बायकोचे रिपोर्ट नीट आहेत, हे घरी सांग.”

श्रीमंत बाहेर गेला आणि महानंदाच्या अगदी जवळ बसला.

“कमी माझ्यात हाय,” तो म्हणाला. “दुसरी कुणी यायची न्हाई. मायला मीच सांगतो.”

महानंदानं तोंडाला पदर लावला.

आत सुमनबाई अजून तिथंच उभ्या होत्या.

“साहेब, हे यंतर कवा निघालं?”

“झाली की तीनशेच्या वर वर्षं. तीनशे वर्षांपूर्वी एकानं त्यातून हे जीव पहिल्यांदा पाहिले.”

सुमनबाईंना एकोणिसाव्या वर्षी वांझ म्हणून नवऱ्यानं उमरीला माहेरी आणून सोडलं होतं. त्याला सव्वीस वर्षं झाली. नवऱ्याच्या हातात कुणी तपासणीची नळी दिली नव्हती.

“तीनशे वर्षं,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडं यायला लई येळ लागला की त्याला.”

सुमनबाईंची नजर पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे वळली.

“अजून एकवार बघू?”

डॉक्टर उठले. त्यांनी आपलं स्टूल सुमनबाईंकडे सरकवलं आणि त्यांचं बघून होईपर्यंत ते उभे राहिले.