दुपारी एकनंतरचं बिल्ड

यंत्राला नातंगोतं नसतं. ते मालकाच्या पोराला आणि मजुराच्या पोरीला एकाच मापाने मोजतं. असं अंकुर सर दर सोमवारी सांगत. अमरावतीच्या त्यांच्या कंपनीतलं यंत्र मात्र दुपारी एकपर्यंत सगळ्यांना पास करायचं आणि एकनंतर ज्योत्स्ना तायडेला नापास.

कंपनी जिनिंगवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. कापसाची गाडी काट्यावर आली की वजनाची पावती निघावी, एवढंच. कोणी नवीन कोड टाकला की कोपऱ्यातलं एक यंत्र सगळं सॉफ्टवेअर पहिल्यापासून आपोआप जुळवून पाहायचं. याला बिल्ड म्हणतात. जुळलं तर भिंतीवरच्या टीव्हीवर हिरवी पट्टी, नाही जुळलं तर लाल, आणि पट्टीवर कोड टाकणाऱ्याचं नाव. नाव मोठ्या अक्षरात असावं ही सरांची खास सूचना.

बाकीचे आपापला कोड सकाळीच टाकून मोकळे होत. ज्योत्स्नाचा कोड आधी धर्मेंद्र तपासायचा, कारण ती नवी आणि तो सीनियर. तपासायचा जेवण झाल्यावर, कारण सकाळी त्याला स्वतःचं काम. म्हणून तिचं बिल्ड लागायचं दोन-अडीचला, आणि लाल व्हायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मेंद्र तोच कोड उघडायचा, एक रिकामी ओळ काढायचा, ती पुन्हा घालायचा आणि बिल्ड लावायचा. हिरवं.

"याला म्हणतात हातगुण," सर म्हणायचे. धर्मेंद्र लाजायचा. त्या रिकाम्या ओळीवर त्याचा स्वतःचाही विश्वास बसलेला होता.

ज्योत्स्नाच्या हातगुणाबद्दल दोन मेमो निघाले होते: बिल्डला एक फाइल सापडत नाही, ती हिनेच हरवली. तिसरा निघाला की तीस तारखेला नोकरीत कायम करायचं नाही, असा कंपनीचा नियम. हा नियम लेखी होता. कंपनीत बाकी फारसं काही लेखी नव्हतं.

"मी फाइल हरवली म्हणे!" मेमो हातात धरून ती शेजारच्या नीलमला म्हणाली. "मी ती फाइल आयुष्यात पाहिली नाही."

"मंग शोध ना."

"मी शोधू? हरवली दुसऱ्याने तरी?"

"मेमोवर नाव कोणाचं आहे वं?"

हा मुद्दा बिनतोड होता. ज्योत्स्ना शोधायला बसली.

बिल्डच्या यंत्राला एक यादी दिलेली असते. लग्नाच्या आचाऱ्याला देतात तशी: तेल या कोठीत, पीठ त्या पिंपात. एक जरी वस्तू जागेवर नसली की लाल. यादीत एकशे पंधरा वस्तू होत्या. एकशे चौदा इथल्याच सर्व्हरवर. एकशे पंधरावीचा पत्ता होता: अकोला ऑफिस, कॉम्प्युटर नंबर दोन, डी ड्राइव्ह, 'अनुप', त्यात 'नवीन', त्यात 'नवीन फायनल'. शेजारी अनुपने लिहून ठेवलं होतं, 'सध्यापुरतं'. तारीख सहा वर्षांपूर्वीची. अनुप पाच वर्षांपूर्वीच नोकरी सोडून पुण्याला गेला होता.

अकोल्याचं ऑफिस म्हणजे कंपनीची जुनी जागा. कंपनीने अकोला सोडलं असं कोणी म्हणू नये म्हणून सरांचे काका खुशालराव तिथे बसत. ते वीजखात्यातून निवृत्त. ज्योत्स्नाने फोन लावला.

"काका, दोन नंबरचा कॉम्प्युटर तुम्ही बंद कधी करता?"

"एक वाजता. जेवाले जातो ना. कावून?"

"मग परत चालू?"

"उद्या दहाले. पेपर वाचतो, पत्ते खेयतो, मंग खटका बंद. लाइट काय फुकट येते, बाई?"

"जेवायला गेल्यावरही चालू राहू दिला तर?"

"खोलीत कोनी नसताना? तीस वर्सं मी लोकाईले सांगत आलो, उठले का खटका बंद करा. अन आता मीच ठेवू चालू?"

ज्योत्स्नाने यादी छापून सरांसमोर ठेवली. सरांनी ती वाचली. मग चष्मा काढून पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

"काकांवर ढकलून राहिली तू?"

"काकांवर नाही सर, खटक्यावर."

"सहा वर्षं अडलं नाही ते."

"सकाळी अडलं नाही सर."

"मग सकाळी टाकत जा."

"धर्मेंद्र सर दुपारी तपासतात."

"तो सीनियर आहे," सर म्हणाले. यावर अपील नव्हतं.

ती यादी बदलायचा अधिकारही धर्मेंद्रकडेच. तो म्हणाला, "चालत्या गाडीच्या चाकात हात घालू नये, ज्योत्स्ना."

"चालती? रोज दुपारी बंद पडते ती!"

"माझी नाही पडत," धर्मेंद्र म्हणाला, आणि ते खरं होतं. इतका खरा आणि इतका बेशरम युक्तिवाद तिने याआधी ऐकला नव्हता.

तिसरा मेमो शुक्रवारी निघणार होता. गुरुवारी तिने रजा टाकली आणि अकोल्याची एसटी धरली.

खुशालरावांनी गाव विचारलं. अकोट. आडनाव विचारलं. तायडे. विचारणाऱ्याला त्यातून जे कळायचं असतं ते कळून झालं, तोवर पाऊण वाजला. मग काकांचा हात खटक्याकडे गेला.

"चाल माय, जेवाले. आलेलं मानूस उपाशी धाडत नाई आमी."

"जेवते काका. पण इथेच. या कॉम्प्युटरपुढे."

काका पेचात पडले. पाहुणा उपाशी जाऊ नये हे एक तत्त्व, आणि माणूस उठला की खटका बंद हे दुसरं. दोन्ही पाळायची तर उठायचंच नाही, एवढा एकच मार्ग उरत होता. त्यांनी घरी फोन केला. अर्ध्या तासाने दुर्गाबाई स्वतः डबा घेऊन आल्या.

"येवढ्या उनात मले कावून आनलं? घर काय चोरीले गेलं?"

पातोडीचा रस्सा आणि भाकर. पहिल्या घासाबरोबर ज्योत्स्नाने नीलमला निरोप धाडला: माझा कालचाच कोड लाव, जसाच्या तसा. चार मिनिटांनी नीलमचा फोन आला.

"हिरवं झालं वं! तुझं नाव अन हिरवं! लोक उठून उठून पाहून राहिले."

ज्योत्स्नाने काकांना समजावलं. "काका, सैपाक अमरावतीला आहे आणि मीठ तुमच्या घरी. तुम्ही एक वाजता कुलूप लावता. मग अळणी सैपाकाचा मेमो मला."

काकांचा घास हातातच राहिला. "म्हंजे अमरावतीचा सैपाक माह्या खटक्यावर हाये? दाखव बरं."

तिने नीलमला सांगितलं, धर्मेंद्रला आता बिल्ड लावायला लाव. काकांनी खटका बंद केला. नीलम फोन कानाला लावून टीव्हीपुढे उभी राहिली आणि दिसेल ते सांगत गेली. चार मिनिटांनी टीव्हीवर पहिल्यांदाच मोठ्या अक्षरात, लाल पट्टीवर, धर्मेंद्र. त्याने रिकामी ओळ काढली, पुन्हा घातली. लाल. काकांनी खटका चालू केला. हिरवं. काकांनी पुन्हा बंद केला.

"काका, पुरे आता."

"थांब वं, आखीन एक डाव."

"जेवा आधी," दुर्गाबाई म्हणाल्या, "रस्सा थंडा झाला."

तेवढ्यात सरांचाच फोन आला. "काय चाललंय तिथे? धर्मेंद्र लाल झालाय!" ज्योत्स्ना काही बोलायच्या आत काकांनी फोन ओढून घेतला.

"अंकुर, तुई कंपनी मी चालवून राह्यलो अन मलेच ठाव नाई? सांगाव तं खरं लेका!"

सोमवारच्या मीटिंगमध्ये सरांनी जाहीर केलं की दोन ऑफिसांमधल्या समन्वयाची एक त्रुटी व्यवस्थापनाच्या वेळीच लक्षात आली. सहकार्याबद्दल धर्मेंद्रचे आभार मानले. टाळ्या झाल्या. तिसरा मेमो निघाला नाही. पहिले दोन फाइलला तसेच राहिले, कारण मेमो द्यायचा नियम लेखी होता, परत घ्यायचा नव्हता. तीस तारखेला तिला पत्र मिळालं: 'दोन मेमो असूनही आपणास कायम करण्यात येत आहे.'

"असूनही!" ती नीलमला म्हणाली. "असूनही म्हणे!"

"घे ना आता, सही कर."

तिने सही केली. पत्रासोबत यादी बदलायचा अधिकारही आला, अकोल्याची ती फाइल इथल्या सर्व्हरवर आणून ठेवण्यापुरता. आणण्याआधी तिने ती उघडून पाहिली. एका जुन्या प्रिंटरसाठी लिहिलेली होती. तो प्रिंटर आता एकाही जिनिंगकडे नव्हता, आणि सॉफ्टवेअरमधली एकही ओळ त्या फाइलला हाक मारत नव्हती. ती फाइल कशालाच लागत नव्हती.