विहीर डाव्या हाताला

"छान आहे," बाबा म्हणाले. चित्र हातभर लांब धरून त्यांनी पुन्हा एकदा न्याहाळलं. "कुठलं आहे हे?"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. शाई अजून पुरती वाळली नव्हती, कागद त्यांच्या हातात द्यायलाच नको होता, पण हौस नडते. दर वेळी हीच हौस आणि दर वेळी हाच प्रश्न. लाकडावर कोरून छापलेली तिची चित्रं कुठल्या कुठल्या शहरांत लोकांच्या बैठकीत लटकत होती. तुमचे बगळे पाहिले की आमचं गाव आठवतं, असं परक्या माणसांनी तिला थांबवून सांगितलं होतं. आणि ज्या माणसाचं शेत ती इतकी वर्षं कोरत आली, ज्याची ती विहीर, ज्याचा बांध, ज्याच्या बांधावरची बाभूळ आणि खालच्या ढेकळांतली टिटवी, तो माणूस मात्र वाट चुकलेल्या पाहुण्यासारखा विचारत होता, कुठलं आहे हे?

कौतुकाची तिला भूक नव्हती असं नाही, पण ती दुसरीकडे भागत होती. बाबांनी एकदा, अगदी एकदाच, चित्राकडे बघून 'हे आपलं शेत' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. खरं शेत आता बघायला मिळणार नव्हतंच. विहीर बुजवून वरून रुंद रस्ता गेला होता आणि बाभळीच्या जागी पेट्रोल पंप उभा होता. गुडघ्यांनी दगा दिल्यावर बाबा तिच्या फ्लॅटवर राहायला आले, ते एक ट्रंक आणि एक विळा घेऊन. तिसऱ्या मजल्यावर विळ्याचं काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. उरलेलं शेत होतं ते तिच्या ठोकळ्यांवर, आणि मालकाला ते ओळखू येत नव्हतं.

एरवी ती मूग गिळून गप्प बसायची. त्या दिवशी बसली नाही.

"बाबा, तुम्ही मुद्दाम करता का हे?"

"काय मुद्दाम?"

"आपलं शेत आहे ते. ही आपली विहीर. दिसत नाही का?"

बाबांनी चष्मा वर ढकलला, मग खाली ओढला, आणि चित्र टेबलावर सपाट ठेवलं. "आपली विहीर दारातून बाहेर पडलं की डाव्या हाताला," ते शांतपणे म्हणाले. "ही उजवीकडे आहे. आणि हा गवत कापणारा डावखुरा आहे. आपल्याकडे डावखुरं कोणीच नव्हतं."

सिंकपाशी भांडी घासणारा तिचा नवरा फसकन हसला. तिने चित्र स्वतःकडे फिरवलं. ठोकळ्यावर डावीकडे कोरलेलं कागदावर उजवीकडे उमटतं, हे या कामातलं अगदी पहिल्या दिवसाचं शिक्षण. अक्षरं कोरायची असली की ती उलटी काढून, आरशात तपासून, मगच कोरणी लावायची. पण झाडं, पाखरं, माणसं? शिकवणारे सर म्हणायचे, झाडाला डावं-उजवं नसतं, स्केच सरळ लाकडावर चिकटवा आणि कोरा, गिरवत बसलात तर रेषेतला जीव जातो. तिने ते निमूटपणे ऐकलं होतं. तरुणपणी घराच्या दारात उभं राहून काढलेली स्केचं ती सरळ चिकटवून कोरत आली होती. म्हणजे आजवर तिने छापलं ते सगळं आरशातलं शेत होतं. कोणी हरकत घेतली नाही, कारण घेणार कोण? शेत ज्याला पाठ होतं असा एकच माणूस उरला होता, आणि तो प्रश्न विचारायचा तेव्हा तिला राग यायचा.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"सांगत कसा नव्हतो? दर वेळी विचारत होतो ना, कुठलं आहे म्हणून." बाबा म्हणाले. "मला वाटलं, असेल दुसरं कुठलं तरी. तू फिरत असतेस."

"म्हणजे आपलं घर इतके दिवस उलट्या शेतावर चाललंय," नवरा भांडी पालथी घालत म्हणाला. तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो पुन्हा नळाकडे वळला.

दुसऱ्याच दिवशी तिने ठरवलं. दारातून दिसणारं अख्खं शेत, मोठ्या आकारात, जसं होतं तसं. विहीर डाव्या हाताला. बाबांच्या खोलीत, पलंगाच्या पायाशी, तिचंच एक जुनं मोठं चित्र होतं. ते आले त्या आठवड्यात तिने ते तिथे लावलं होतं. तेव्हाही त्यांनी कुठलं आहे विचारलं होतं, आणि त्यानंतर त्या चित्राबद्दल चकार शब्द काढला नव्हता. ते काढून त्या जागी नवं लावायचं. मग बघू काय विचारतात.

गॅलरीवाल्या बाईंचा फोन आला तेव्हा ती लाकूड घासत होती. प्रदर्शनाची तारीख जवळ आली होती. "पक्षी जास्त घ्या हं," बाई म्हणाल्या. "शेत जरा कमी केलं तरी चालेल. लोक पक्ष्यांसाठी येतात." ती हो म्हणाली, फोन ठेवला आणि प्रदर्शनाचं काम भिंतीला टेकवून बाजूला सारलं.

ठरवणं सोपं होतं. पहिला ठोकळा तिने शहाणपणाच्या भरात घालवला. स्केच पातळ कागदावर गिरवलं, कागद उलटा केला, त्यावर पुन्हा काळजीपूर्वक पेन्सिलीचं शिसं फिरवलं, मग ती शिशाची बाजू लाकडावर पालथी घालून घासली. दोन आठवडे मान मोडून कोरलं. छाप उचलला तर विहीर उजवीकडे. कागद पालथा घालताना तो एकदा आपोआपच उलटतो. तिने आधी एकदा उलटवला होता, म्हणजे होता तसाच झाला. एवढी साधी गोष्ट एखाद्या पोरालाही कळली असती. तिने कपाळावर हात मारला आणि कपाळ काळं झालं.

दुसऱ्या ठोकळ्याच्या वेळी हाताने असहकार पुकारला. टिटवी ती झोपेतही कोरू शकली असती, पण एकाच अंगाने. तोंड दुसरीकडे वळवायचं म्हटल्यावर कोरणी अडखळायला लागली. पायाच्या काड्या जाड व्हायच्या, डोळा कानाजवळ जायचा. चाचणीसाठी उचललेल्या एका छापावर तर सर्दी झालेली कोंबडी बसलेली दिसत होती.

"ही कोण?" नवऱ्याने विचारलं.

"तुझी आत्या," ती म्हणाली.

घरभर लाकडाचे छिलके झाले होते. चहात छिलका, चादरीत छिलका. नवरा दिवसभर औषधांच्या दुकानात उभा राहून यायचा आणि खुर्ची झटकून बसायचा. "बाबा एक वाक्य बोलले आणि घराची वखार झाली," तो कुरकुरायचा. "कलाकाराशी लग्न करू नकोस, असं माझ्या आईने सांगितलं नव्हतं, कारण तिला असं काही असतं हेच माहीत नव्हतं." तिला हसू आलं नाही. मनगट ठणकत होतं, आणि तिला राग नेमका कोणाचा येतोय हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. सरांचा, की बाबांचा, की दारात उभ्या राहिलेल्या त्या मुलीचा, जिला आपण समोर बघतोय ते उलटं छापणार आहोत हे कळत असून फिकीर नव्हती.

त्याच सुमारास बाबांना ताप आला आणि ते अंथरुणाला खिळले. ताप उतरला पण अशक्तपणा उतरेना. जेवणाच्या टेबलापर्यंत येणं बंद झालं. ती ताट घेऊन त्यांच्या खोलीत जायची, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत शेताबद्दल विचारायची.

"टिटवी अंडी कुठे घालायची, बाबा?"

"उघड्यावर. घरटं कसलं, चार खडे." ते उशीला टेकून बोलायचे. "नांगरताना दिसली की मी जवळ एक काठी रोवायचो. मग काठीला वळसा घालून नांगर न्यायचा. एवढासा तुकडा तसाच राहायचा, मधेच, न नांगरलेला. लोक हसायचे."

"कुठे असायचा तो तुकडा?"

"तिथे," ते बोट दाखवून म्हणाले. "विहिरीच्या अलीकडे." तिने बोटाकडे पाहिलंच नाही. तिच्या डोक्यात काठी होती. खोलीतून बाहेर पडून ती थेट ठोकळ्यापाशी गेली आणि नांगरलेल्या रेषांच्या मधोमध तो तुकडा सोडला. त्यात काठी कोरली, आणि काठीपाशी टिटवी. ती एकदाची साधली. डोळा डोळ्याच्या जागी आला.

शेवटचा छाप तिने सकाळी उचलला. कागदाचा कोपरा धरून हळूहळू सोलला, तशी आधी बाभूळ आली, उजवीकडे, मग नांगरलेल्या सऱ्या, काठी, टिटवी, आणि सगळ्यात शेवटी डावीकडून विहीर. गवत कापणाऱ्याचा विळा उजव्या हातात होता. ती बराच वेळ बघत उभी राहिली. दारात उभी राहिल्यासारखं वाटत होतं. आता विचारा, कुठलं आहे हे.

कागद वाळला, चौकट झाली. बाबांचा डोळा लागला होता तेव्हा तिने नवऱ्याच्या मदतीने जुनं चित्र उतरवून भिंतीशी ठेवलं आणि नवं टांगलं. नवऱ्याने ते सरळ केलं, दोन पावलं मागे गेला आणि पहिल्यांदाच काही विनोद केला नाही.

बाबा जागे झाले. समोर बघितलं. त्यांनी चष्मा मागितला, लावला, पुन्हा बघितलं.

"विहीर चुकलीस," ते म्हणाले.

"नाही, बाबा. आता बरोबर आहे. डाव्या हाताला."

"उजव्या."

"तुम्हीच म्हणालात. दारातून बाहेर पडलं की डाव्या हाताला." तिचा आवाज चढला. "त्या दिवशी टेबलावर. हा तेव्हा भांडी घासत होता, याला विचारा."

नवऱ्याने होकारार्थी मान हलवली. बाबा गोंधळले. त्यांचा डावा हात पांघरुणावरून थोडा उचलला गेला, जणू रहाटाकडे निघाला होता, आणि तिथेच थांबला. "म्हणालो खरा," ते पुटपुटले. "पण रोज उठल्यावर बघतो ना मी. विहीर त्या बाजूला असते. बाभूळ इकडे." त्यांनी उजव्या हाताने भिंतीकडे बोट दाखवलं, मग डाव्या हाताकडे बघितलं. "मग खरी कुठली?"

तिला आता कळलं. ते जुन्या चित्राबद्दल बोलले नव्हते, कारण त्यांच्या लेखी ते चित्र उरलंच नव्हतं. तापात, अशक्तपणात, दिवसेंदिवस ते त्याच्यातूनच शेताकडे बघत आले होते. तिचं उलटं शेत त्यांच्या डोक्यातल्या शेतावर बसलं होतं, आणि खालचं पुसून गेलं होतं. आता तिने दोन्ही समोरासमोर आणून ठेवली होती.

"कुठली खरी?" त्यांनी पुन्हा विचारलं. हात अजून अधांतरी होता आणि चेहऱ्यावर भीती होती. वडिलांना घाबरलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

बरोबर काय ते तिला माहीत होतं. आता जगात फक्त तिलाच माहीत होतं. ती उठली, नवं चित्र खिळ्यावरून काढून नवऱ्याच्या हातात दिलं, आणि जुनं उचलून पुन्हा लावलं.

"चुकलं माझं, बाबा," ती म्हणाली.

त्यांचा हात खाली आला. खांदे सैलावले. "होतं असं," ते म्हणाले, आणि पलंगाची कड थोपटून तिला जवळ बसवलं. "तू लहान वयात बाहेर पडलीस. किती लक्षात राहणार?"

मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं, लहानपणी तिला आकाशातले बगळे दाखवताना करायचे तसं, सावकाश, तिची नजर तिथे पोचेपर्यंत थांबून.

"हे आपलं शेत," ते म्हणाले. "नीट बघून ठेव."