दोन्ही बाजूंचं बोलणं

"कोणाशी बोलत होता हो?" पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवत विचारलं. "लांबून वाटलं, दोघं जण येतायत."

"बहिणीशी," म्हातारा म्हणाला. पंक्चरवाल्याने सायकलच्या कॅरियरकडे पाहिलं. तिथे नुसती पिशवी बांधलेली होती. मग तो शहाण्यासारखा पुन्हा ट्यूबकडे वळला.

म्हाताऱ्याचा तरी काय दोष? कालव्याच्या कडेचा रस्ता आज चौथा दिवस सरळच्या सरळ चालला होता. डावीकडे पाणी, उजवीकडे शेतं, आणि वळण औषधालाही नाही. पहिल्या दिवशी त्याने किलोमीटरचे दगड मोजले. दुपारपर्यंत दगडांचा वीट आला. मग पाढे म्हटले, ते एकोणतिसाला अडले. मग इस्पितळातले सगळे नंबर म्हणून झाले : एक्स-रे एकवीस, बाळंतपण चौतीस, शवागार साठ. इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर त्याची एकतीस वर्षं गेली होती. लोकांची जन्ममरणाची बोलणी त्याने जोडून दिली. स्वतःचं बोलणं म्हणजे "थांबा, जोडून देतो" एवढंच. मनातलं काही सांगायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटे.

आणि ताईला तर सांगायचंच होतं. भाऊजी गेले तेव्हा हा गेला नाही. ज्यांनी याला नोकरीला चिकटवलं, त्यांना खांदा द्यायला हा नव्हता. रजा मिळत नाही, असं फोनवर सांगून मोकळा झाला. रजा त्याने मागितलीच नव्हती. ताईला रडताना बघायचं धैर्य नव्हतं, हे खरं कारण. त्याला दोन वर्षं झाली. आता निवृत्तीनंतर तोंड दाखवायला निघाला तोही सायकलने, वाटेत धीर गोळा होईल म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्याने सराव म्हणून दोन वाक्यं मोठ्याने म्हटली. ताईच्या वतीने उत्तरही दिलं. त्या नादात आठ किलोमीटर कधी सरले, कळलं नाही. मग काय, चटकच लागली. ताई भांडली, रुसली, लहानपणी चोरलेली पेन्सिलसुद्धा तिने उकरून काढली. तिसऱ्या दिवशी, समोरून वारा येत असताना, त्याने रजेचं खरं सांगून टाकलं. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, वेड्या, मला ठाऊक होतं. सायकल कडेला लावून तो पोटभर रडला. बघायला कोणी नव्हतं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पाचव्या दिवशी दुपारी तो ताईच्या दारात उतरला तो अगदी हलका होऊन. हातपाय धुतले, चहा घेतला, गुडघ्यांची गाऱ्हाणी सांगितली, पंक्चरवाल्याची गंमत सांगितली. ताई समोर बसून ऐकत होती. फार वाळली होती. मधेच त्याच्याकडे बघे आणि कशाची तरी वाट बघितल्यासारखी थांबे. याला वाटलं, थकली असेल.

शेवटी तिनेच विचारलं, "अजून काही बोलायचंय का तुला?"

"नाही गं. सगळं बोलून झालं," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आलं. बोलून झालं होतं ते रस्त्यावर. मनातले मांडे खाऊन हा ढेकर देत बसला होता. ताईच्या कानावर त्यातला एक शब्द पडला नव्हता.

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. "ताई, तेव्हा मी रजा मागितलीच नव्हती," तो म्हणाला. पुढचे तिचे शब्द त्याला पाठ होते. ते ऐकायला तो थांबला.

ताईने कप उचलले. "सायकलने पाच दिवस लागले ना तुला?" ती म्हणाली. "गाडीने चार तास लागतात."

ती आत गेली. कप विसळले. मग येऊन तिने भाऊजींच्या पलंगावर धुतलेली चादर घातली, चारी कोपरे ओढून नीट केले, "पड जरा" म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने दारामागून तिच्या रडण्याचा आवाज येऊ लागला. तो पलंगावरून उठला आणि दारापाशी गेला. दार वाजवायचं त्याला धैर्य झालं नाही. पण तो तिथून हललाही नाही.