आधी खा, मग सांग

रांगेत पहिला ठोसा बसला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते.

ठोसा मारला चेपेनं. चेपे घरांची छपरं बसवायचा, त्यामुळे त्याचे हात म्हणजे लाकडाचे ओंडकेच होते. मार खाणारा माणूस साल्वादोर देशाचा होता. त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली आणि पांढऱ्या सदऱ्यावर लाल पट्टा उमटला. भांडण कशावरून, तर कोंबडीवरून.

"तुमच्या ग्वातेमालात जन्मली असेल ही कोंबडी," एवढंच तो बिचारा म्हणाला होता, "पण तिला चव आणली आम्ही. तुम्ही तर नुसती मक्याची भाकरी चावत बसला होतात!"

"आता नाकानं खा तुझी चव," चेपे म्हणाला आणि दुसरा हात उगारला.

मिकाएलाच्या पुढे उभी असलेली दोरिस आपल्या चार वर्षांच्या मुलीला पोटाशी धरून मागे सरकली. तीही साल्वादोरचीच, पण जिभेनं भांडणारी. "कोंबडी मेली ती मेली, आता तिच्यापायी माणसं मरणार! अरे बाबांनो, तेलाची कढई आत आहे, तुम्ही बाहेर कशाला उकळताय?"

लोक हसले, पण कुणी हललं नाही. तीन तास उभं राहून मिळवलेली जागा कोण सोडणार? लॉस एंजेलिसमध्ये ग्वातेमालाच्या या तळलेल्या कोंबडीचं दुकान उघडून आठच दिवस झाले होते. इतकी वर्षं ही कोंबडी विमानातून यायची. गावाकडून येणारा प्रत्येक माणूस मांडीवर पिवळं खोकं घेऊन बसायचा आणि अख्ख्या विमानाला तळणीचा वास यायचा. आता तो वास थेट रस्त्यावर आला होता, आणि रांग कोपऱ्यावरून वळून पार धुलाईच्या दुकानापर्यंत गेली होती.

त्या सबंध रांगेत ही कोंबडी कधीच न खाणारी एकटी मिकाएला होती. खोकं घरी आलं की ती म्हणायची, मला पित्त होतं. आज ती आली होती आईसाठी. आईच्या मूत्रपिंडांनी हात टेकले होते आणि चार दिवसांत तिच्या पोटात पाण्याखेरीज काही गेलं नव्हतं. काल ती अचानक म्हणाली, "ती कोंबडी आण गं." गाव सोडून राजधानीत आल्यावर आईनं याच कोंबडीच्या तिथल्या दुकानाचे टेबलावरचे कपडे धुतले होते. पळून आल्यानंतर पहिल्यांदा पोटभर जेवली ती तिथेच.

आईचं दुसरं मागणं मात्र वीस वर्षांचं जुनं होतं. रोज एकदा तरी ती विचारायची, "बाल्ताला कुठं पुरलं असेल गं?" बाल्तासार तिचा मुलगा, मिकाएलाचा भाऊ. तो जिवंत नाही हे आईला ठाऊक होतं. तिला फक्त जागा हवी होती. जागा कळली तर कुणाकरवी तरी तिथं मेणबत्ती लावता येते. नाही कळली तर माणूस कुठं बसून रडणार?

मिकाएलाला जागा माहीत नव्हती. पण तिला दुसरं एक माहीत होतं, जे तिनं आईला कधीच सांगितलं नव्हतं.

गर्दी फोडत दुकानाचा पहारेकरी आला. निळा गणवेश, आखूड पांढरे केस, पन्नाशी उलटलेली, पण अंग कसलेलं. त्यानं चेपेचा हात मागे पिरगळला, त्याला भिंतीवर आपटलं आणि कानाशी तोंड नेलं.

"माझ्या रांगेत हात उचलायचा नाही. जा, शेवटी जाऊन उभा राहा."

चेपेच्या गालाचं कातडं भिंतीवर सोललं होतं. तो शिव्या देत मागे गेला, पण शेवटपर्यंत न जाता तिथंच घुटमळत राहिला.

"दोन-दोनच्या जोड्या!" पहारेकरी ओरडला. "मागं वळून बघायचं नाही!" आणि तो रांगेतून चालू लागला. प्रत्येकाच्या गळ्याखाली, हाडावर, दोन बोटं टेकवायचा. "तू ये. तू थांब. तू ये. तू थांब."

मिकाएलाच्या हाडावर बोटं टेकली. "तू थांब."

हा हुकमाचा सूर तिनं कुठंतरी ऐकला होता, पण कुठं ते कळायला अजून एक क्षण लागला. रक्त पाहून दोरिसची मुलगी रडत होती. पहारेकऱ्यानं चवीसाठी ठेवलेल्या तबकातून एक तंगडी उचलली आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"भूक लागली ना? आधी खा, मग सांग. कोणाची गं तू?"

रस्ता, रांग, दोरिस, सगळं मिकाएलाच्या डोळ्यांपुढून पुसलं गेलं.

ती सात वर्षांची होती. यालानकू गावच्या शाळेचं अंगण. यादवीचे दिवस, सैनिकांनी पहाटे गाव वेढलं होतं. बायका चर्चमध्ये कोंडलेल्या, पुरुष अंगणात दोन-दोनच्या जोड्यांत गुडघ्यांवर. खिशात नावांची यादी घेऊन हेलिकॉप्टरमधून एक अधिकारी उतरला. राजधानीतून येताना त्यानं जेवण बरोबर आणलं होतं, पिवळ्या खोक्यात. बाप्यांना हात डोक्यावर ठेवायला लावून तो खात होता. एक म्हातारा कलंडला, तर त्याच्या तोंडावर बुटाची टाच पडली आणि दात मातीत सांडले. मिकाएला शाळेच्या दाराआड लपली होती. अधिकाऱ्यानं तिला बोटानं बोलावलं आणि तंगडी पुढे केली.

"भूक लागली ना? आधी खा, मग सांग. यातला तुझा कोण?"

गावात सगळे कान्होबाल भाषा बोलायचे. स्पॅनिश कळायचं ते शाळेत जाणाऱ्या दोन-चार पोरांना. बाईंनी गेल्याच आठवड्यात धडा घेतला होता: माझे कुटुंब. पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं आणि बोट दाखवायचं. सात वर्षांच्या मुलाला प्रश्न विचारला की तो उत्तर देतो. उत्तर येत असलं तर छाती फुगवून देतो. प्रश्नामागे काय उभं आहे ते त्याला दिसत नाही, आणि दिसू नये हीच तर मोठ्यांची जबाबदारी.

मिकाएलानं तंगडी संपवली, बोटं चाटली, आणि चेपलेल्या गवतावर गुडघे टेकलेल्या सतरा वर्षांच्या पोराकडे बोट केलं. "हा माझा भाऊ आहे. त्याचं नाव बाल्तासार आहे."

"शाबास," अधिकारी म्हणाला.

बंदुकीचा दस्ता बाल्ताच्या कानशिलावर बसला तेव्हा हाड तिच्या हातातच होतं. त्याला पायांना धरून ओढत नेलं. त्याचं डोकं शाळेच्या पायऱ्यांवर आपटत गेलं, एक, दोन, तीन. नंतर शाळा पेटली.

मिकाएला रांगेतून बाहेर आली. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

"साहेब, तुम्ही यालानकूला होता."

पहारेकरी उठला. "कुठलं यालानकू? रांगेत राहा बाई, नाहीतर नंबर जाईल."

"शाळेच्या अंगणात. तुमच्या हातात असंच पिवळं खोकं होतं."

"मी त्या भागात कधी गेलोच नाही," तो म्हणाला. मग डोळे बारीक करून, सवयीच्या करडेपणानं, "आणि ती शाळा तर केव्हाच जळाली."

दोरिसनं मुलीच्या हातातली तंगडी हिसकावून फेकून दिली.

"शाळा जळाली हे हिनं कुठं सांगितलं?" मागून चेपेचा आवाज आला. चेपे यालानकूच्या डोंगरापलीकडचा. त्याच्या गावातही त्या वर्षी कुणी शिल्लक राहिलं नव्हतं. तो धावत आला आणि त्यानं पहिला ठोसा तोंडावर मारला, दुसरा गळ्यावर. पहारेकऱ्यानं कमरेचा दांडा काढून चेपेच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पण तोवर दहा-बारा जण त्याच्यावर तुटून पडले होते. नाक फुटलेला साल्वादोरचा माणूसही त्यात होता. त्याच्याही देशात अशीच अंगणं होती.

पहारेकरी खाली पडला. बूट, टाचा, कुणाची तरी लोखंडी बादली. कुणी त्याच्या बोटांवर नाचलं. तीच दोन बोटं. एका म्हाताऱ्या बाईनं चप्पल काढून त्याच्या तोंडावर मोजूनमापून मारायला सुरुवात केली आणि प्रत्येक फटक्याला ती एकेक नाव घेत होती. तिची नावं संपत नव्हती. पहारेकऱ्याचा एक डोळा मिटून काळा झाला, ओठ फाटला, छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला.

मिकाएला बघत उभी होती आणि तिला बरं वाटत होतं. हे खोटं कशाला सांगायचं? बादली पडताना प्रत्येक वेळी तिला बरं वाटत होतं. मग चेपेनं डाव्या हातानं पदपथाच्या कडेचा काँक्रीटचा तुकडा उचलला, आणि तिला लख्ख दिसलं की हा माणूस आता मरणार, आणि बाल्ता कुठं आहे हे सांगणारं तोंड त्याच्याबरोबर कायमचं मिटणार.

ती त्याच्या अंगावर पडली.

एक लाथ तिच्या बरगडीत बसली, एक तोंडावर. तोंडात खारट रक्त आलं आणि दाताचा तुकडा जिभेला लागला. तिनं दोन्ही हातांनी त्याचं डोकं झाकलं. मायेनं नव्हे, तिजोरी झाकावी तसं.

"बाजूला हो!" चेपे किंचाळला. "तू कुणाच्या बाजूची?"

तिनं तोंड पहारेकऱ्याच्या कानाला लावलं. "बाल्तासार. सतरा वर्षांचा. शाळेच्या अंगणातला. कुठं टाकलंत?"

"पाणी..."

"आधी सांग."

त्याचा उघडा डोळा तिच्यावर फिरला. "चुनाभट्टी," तो पुटपुटला. "भट्टीच्या मागं. सगळे तिथंच."

"मला विचारलंत कशाला? यादी होती ना तुमच्याकडे?"

"यादीत नावं होती," तो म्हणाला. रक्ताचा बुडबुडा फुटला. "चेहरे नव्हते."

वीस वर्षं मिकाएला मनाशी म्हणत आली होती, मी सांगितलं नसतं तरी त्यांनी त्याला नेलंच असतं. आता तेही उरलं नाही. तिचे हात त्याच्या डोक्यावरून त्याच्या गळ्यावर आले. अंगठे हाडाखाली रुतले. तिनं दाबलं. तो धडपडला नाही, त्याच्यात बळच नव्हतं. अजून थोडं दाबलं असतं तर झालं असतं.

"हं," वरून चेपे म्हणाला. "आता कसं."

तिनं हात काढले.

"चुनाभट्टीचं मागचं अंगण एकरभर आहे," ती उठून बसत म्हणाली. बोलताना तोंडातून रक्त गळत होतं. "हा मेला तर कुठं खणायचं ते दाखवणार कोण? चेपे, तुझी माणसं कुठं आहेत ते तरी तुला माहीत आहे का?"

चेपेनं काँक्रीटचा तुकडा टाकून दिला. मग तो खाली बसला आणि मोडलेलं मनगट मांडीवर घेऊन लहान पोरासारखा रडू लागला.

सायरन ऐकू आला तशी रांग पांगली. ज्यांच्याकडे या देशात राहायचे कागद नव्हते ते आधी पळाले, ज्यांच्याकडे होते तेही पळाले. साल्वादोरच्या माणसानं चेपेला बगलेत धरून नेलं. मिकाएला मात्र पोलीस येईपर्यंत हलली नाही. त्या माणसाला गाडीत घालताना तिनं त्याच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव तीनदा वाचलं, पाठ होईस्तोवर, आणि तो कोण आहे ते पोलिसांना सांगितलं. पूर्ण वाक्यांत.

मग दोरिस पुढे आली. गल्ल्यावरच्या मुलीनं काचेतून सगळं पाहिलं होतं. तिनं काही न विचारता पिवळं खोकं दोरिसच्या हाती दिलं होतं.

"घे बाई," दोरिस म्हणाली. "आणि तोंड धू आधी. आई घाबरेल."

मिकाएला तोंड न धुताच घरी गेली.

दुपारचं ऊन आईच्या पलंगावर आलं होतं. वास आला तशी आईनं मान वळवून हात पुढे केला, आणि लेकीचा सुजलेला चेहरा पाहून तिचा हात हवेतच थांबला.

"कुणी मारलं?"

"सांगते." मिकाएलानं खोकं स्टुलावर ठेवलं. आईनं झाकणाकडे हात नेला, तो तिनं हळूच धरला. "आई, आधी ऐक. मग खा."

तिनं सगळं सांगितलं. आपल्या भाषेत, पहिल्यापासून. तंगडी, धडा, बोट. चुनाभट्टी. यादीत चेहरे नव्हते, हेही. आई छताकडे बघत ऐकत होती.

मग तिनं विचारलं, "भट्टी ओढ्याच्या अलीकडची ना?"

"अलीकडची."

"मग पुराचं पाणी येत नाही तिथं." आईनं डोळे मिटले. कडांतून पाणी कानांकडे ओघळलं. "कोरडी जागा आहे."

तिनं स्वतःच झाकण उघडलं. एक तुकडा काढून पलंगाशेजारच्या बशीत ठेवला; तो बाल्ताचा. दुसऱ्याचा लहानसा घास तोंडात घेतला आणि कितीतरी वेळ चघळत राहिली. मग एक तंगडी उचलून लेकीपुढे धरली.

मिकाएला मागे सरकली.

"तुला तेव्हा भूक लागली होती ना?" आईनं विचारलं.

"हो."

"लागणारच. दोन दिवस चूल पेटवली नव्हती मी. धूर दिसला तर सैनिक येतील म्हणून." तंगडी धरलेला हात तिनं मागे घेतला नाही. "दोन दिवस तुला उपाशी मी ठेवलं होतं, मिका."